विहीर मे महिन्यात बघा : दापोलीत जागा पारखताना गेलेले पंधरा महिने

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा माझी आत्या आंजर्ल्याजवळच्या तिच्या घरात एकटी होती. आम्ही पुण्यात. सकाळी तिचा फोन आला, "वारा सुटलाय, ठेवते." त्यानंतर सहा दिवस काहीच नाही. टॉवर बंद, रस्त्यावर झाडं आडवी, वर करोनाची जिल्हाबंदी. सातव्या दिवशी खेडपर्यंत पोचलेल्या कुणा मुलाने फोन लावून सांगितलं की आत्या बरी आहे, घराची कौलं गेली, पोफळी सगळ्या झोपल्या.

लाईट आली ती महिन्याभराने. तो महिना आत्याने कसा काढला, हे तिने मला दिवाळीत दाखवलं. माजघराच्या वरच्या माळ्यावर तांदळाच्या दोन कणग्या, कुळथाचा डबा, कोकमाची बरणी, सुकट-बोंबलांचे पत्र्याचे डबे, फणसाचे वाळवलेले गरे, आणि पडवीत छपराला टेकेल एवढी लाकडं. "आगोट भरलेली होती ना," एवढंच म्हणाली. पावसाळ्याआधीची ही बेगमी तिची आई करायची, तिची आजी करायची. आपत्तीची तयारी म्हणून नव्हे, तर मिरग लागला की चार महिने खाडीपलीकडे जाता येत नाही म्हणून.

आमच्या घरात स्वावलंबी राहण्याचा विषय तिथून सुरू झाला. नवऱ्याचं काम घरून चालतं, मुलगी आठवीत, सासूबाईंना इन्सुलिन लागतं. शहर सोडायचं नव्हतं, पण वर्षातले चार-सहा महिने जिथे आपलं पाणी, आपला भात आणि आपला दिवा असेल, आणि वेळ आली तर जिथे तग धरता येईल, अशी एक जागा हवी होती. ती दापोली तालुक्यात शोधायची ठरवली, कारण आत्या तिथे आहे आणि माणसं ओळखीची आहेत. डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ असे पंधरा महिने त्यात गेले. मला इतक्या लोकांनी वाटेत मदत केली की हे लिहून ठेवणं मला भाग वाटतं.

सुरुवातीला एक दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर आठ प्रश्न लिहिले. मे महिन्यात पाणी किती. वारा कुठून येतो. वरचा डोंगर कसा आहे. जुलैत रस्ता चालू राहतो का. लाईट गेली तर किती दिवस जाते. दवाखाना किती मिनिटांवर. जमीन काय पिकवते. आणि शेजारी कोण. पाहिलेल्या प्रत्येक जागेला दोन पानं. एकूण चौदा जागा पाहिल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये पहिली फेरी झाली. थंडी छान, समुद्र निळा, रस्ते कोरडे. एका एजंटाने समुद्रापासून जेमतेम तीनशे मीटरवरची वीस गुंठे दाखवली. माड, गोड पाण्याची विहीर, संध्याकाळी अंगणातून सूर्यास्त. आम्ही भाळलो. खिशातलं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, विहिरीत बुडवलं, आकडा २१० आला, आणि त्याच दिवशी पंचवीस हजार रुपये टोकन देऊन मोकळे झालो. कागद न बघता टोकन दिलं, ही आमची चूक. ते पैसे परत मिळवायला चार महिने आणि अगणित फोन लागले. तुम्ही पैसे देण्याआधी निदान सातबारा तरी बघा. डिजिटल सही असलेला उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो.

निघताना शेजारच्या घरातल्या काकी कुंपणाशी आल्या. सत्तरीच्या असाव्यात. म्हणाल्या, "बाय, जागा बगायची ती मे मयन्यात. दिवालीला काय, सगल्याच विहिरी भरलेल्या." घरी येऊन मी हे वाक्य वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलं.

जानेवारीत सातबारा काढला तर त्या वीस गुंठ्यांवर एकतीस नावं. कोकणात हे सर्रास आहे. पणजोबांच्या नावची जमीन, वाटप कधी झालंच नाही, वारस मुंबई-सुरतेपासून दुबईपर्यंत पसरलेले, काहींच्या वारसनोंदीच नाहीत. विकणारा खराच मालक होता, पण एकतिसाव्या हिश्शाचा. त्या जागेवर तिथेच फुली मारली.

पुढचे तीन महिने फक्त कागद शिकण्यात गेले. सातबाऱ्यावर वरच्या बाजूला भोगवटादार वर्ग असतो. वर्ग १ म्हणजे मालक मोकळेपणी विकू शकतो, वर्ग २ म्हणजे सरकारची काहीतरी शर्त आहे. आमच्याकडे आलेल्या वर्ग २ च्या बहुतेक जमिनी कुळांना मिळालेल्या होत्या. कूळ कायद्याच्या कलम ४३ खाली त्या विकायला पूर्वी परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावर लिहिलेल्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून ती शर्त काढता येते. एका जमिनीचा आकार सव्वाचार रुपये होता, म्हणजे नजराणा एकशे सत्तर रुपये. रक्कम ऐकून हायसं वाटतं, पण तो कागद विकणाऱ्यानेच आधी पूर्ण करून आणावा, आपण व्यवहारानंतर करू म्हणू नये.

त्याखालच्या 'इतर हक्क' या रकान्यात खरी गोष्ट असते. कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क. दोन जागांच्या इतर हक्कांत खाजगी वने संपादन कायदा १९७५ ची नोंद दिसली. वकिलांनी पान उलटायच्या आतच सांगितलं, "ही सोडा." सोडली. जमिनीचा प्रकारही वाचा. भाताची मळी, वरकस, खाजण हे तीन वेगळे संसार आहेत. वरकसावर नाचणी, काजू, गवत होतं. खाजण खाडीच्या भरतीला लागून असतं आणि बांध फुटला की मीठ आत येतं.

याच काळात माझं स्वतःचं एक काम निघालं. महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. माझ्या वडिलांची जुन्नरकडे थोडी जमीन आहे, ते २०१९ मध्ये गेले, आणि आम्ही भावंडांनी वारसनोंद केलीच नव्हती. जानेवारीत ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज केला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार जोडलं. एक त्रुटी निघाली (आईचं नाव दोन कागदांवर वेगळं), ती दुरुस्त केली, मग पंधरा दिवसांची नोटीस, आणि मार्चअखेर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, मंजूर झाला. वडिलांच्या नावाखाली माझं नाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या घरात अशी नोंद रखडली असेल तर जागा शोधायच्या आधी ते उरका.

मे २०२४. बारा तारखेपासून आठ दिवस आत्याकडे मुक्काम. या आठ दिवसांत आम्ही फक्त विहिरी पाहिल्या, अकरा विहिरी. सुतळीला हातहातभर अंतरावर गाठी मारून टोकाला दगड बांधला होता. दगड पाण्याला टेकला की एक खूण, तळाला टेकला की दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पाणी. डिसेंबरात तुडुंब पाहिलेल्या विहिरींपैकी चार कोरड्या निघाल्या. तीन विहिरींत घोटाभर, त्यात बेडूक आणि पालापाचोळा. आणि ती समुद्राजवळची विहीर, जिच्यासाठी आम्ही टोकन दिलं होतं, तिचं मीटर १,४६० दाखवत होतं. काकींनी स्वतः कळशी ओतून दिली. जिभेवर खारटपणा स्पष्ट होता. पाणी उपसलं जातं, गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि समुद्र खालून सरकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. आम्हाला सासूबाईंसाठी ती मुभा नको होती.

दापोलीत वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर फिरतात, याचं उत्तर पायाखाली आहे. जांभा दगड चाळणीसारखा आहे. पाणी मुरतं आणि उताराने समुद्राकडे निघून जातं. म्हणून विहिरीच्या जोडीला छपराचं पाणी धरायचं हे आम्ही त्याच आठवड्यात ठरवलं. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर, त्यावर वर्षाला सव्वातीन लाख लिटर पडतं. त्यातलं पाऊण धरलं तरी अडीच लाखांच्या आसपास. चार माणसांना माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला २२० लिटर, आणि फेब्रुवारी ते मे या एकशेवीस दिवसांचे साडेसव्वीस हजार लिटर. म्हणजे तीस हजार लिटरची झाकलेली टाकी पुरते, आणि ती भरायला जुलैचे थोडे दिवस बस होतात. झाडांसाठी कोकण कृषी विद्यापीठाच्या जलकुंडाचा मार्ग आहे. चार मीटर लांब, एक रुंद, एक खोल खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद. चार हजार लिटर पाणी राहतं. काजू-आंब्याची लहान रोपं त्यावर पहिले उन्हाळे काढतात.

याच फेरीत वाऱ्याची चौकशी केली. गावोगाव एकच प्रश्न विचारला, निसर्ग वादळात तुमच्याकडे काय पडलं. लोकांनी हात धरून दाखवलं. पश्चिमेला तोंड असलेल्या उघड्या सड्यावरचे, म्हणजे कातळी माळावरचे, पत्रे लांब जाऊन पडले होते. खोलगटातली घरं वाऱ्यापासून वाचली, पण त्यांच्यावर माड कोसळले. एका गृहस्थांनी कौलांखालच्या वाशांना नवीन लोखंडी पट्ट्या मारलेल्या दाखवल्या आणि घराच्या वीस फुटांत एकही माड ठेवला नाही हेही दाखवलं. माझ्या वहीतलं ते पान सगळ्यात भरलेलं आहे. आत्याने तेव्हा लावलेल्या पोफळी अजून धरलेल्या नाहीत. बाग उभी राहायला किती वर्षं लागतात, ते तिच्याकडे बघून कळतं.

दुसरी चौकशी डोंगराची. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेवर दरड कोसळली, त्याच पावसात खेडच्या पोसऱ्यात माणसं गेली, चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. म्हणून जागेच्या वर चढून जायचं, हा आमचा नियम झाला. झाडांची खोडं उताराकडे कललेली आहेत का, जमिनीत चंद्रकोरीसारख्या भेगा आहेत का, कुणी रस्त्यासाठी पायथा कापलाय का, पावसात पूर्वी नसलेले झरे फुटतात का. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत, ते पाहिले, आणि जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडाही वाचला. पण गुराख्यांनी सांगितलेलं नकाशापेक्षा बारीक होतं. एका सुंदर जागेवर आम्ही याच कारणासाठी पाणी सोडलं. वरच्या अंगाला नवा रस्ता खणलेला होता आणि खालच्या घराच्या भिंतीला ताजी चीर होती.

चौदातल्या तीन उरल्या. १९ जुलै २०२४ ला पुन्हा गेलो, या वेळी पाऊस बघायला. कशेडी घाटात धुकं, खेड ते दापोली एरवी तासाभराचा रस्ता, त्या दिवशी अडीच तास. पाच रात्री राहिलो. दुसऱ्या रात्री लाईट गेली ती एकतीस तासांनी आली. तेवढ्यात तीन जागांपैकी एकीचा निकाल लागला. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरची मोरी पाण्याखाली गेली आणि पलीकडचे लोक दुपारपर्यंत पलीकडेच राहिले. सासूबाईंना घेऊन तिथे राहणं शक्य नव्हतं.

त्या एकतीस तासांत आम्ही इन्सुलिनची तालीम केली. आत्याकडे मातीचा मोठा माठ, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत कुपी आणि थर्मामीटर. पारा २५ ते २६ वर राहिला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की वापरात असलेली कुपी तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते, न उघडलेल्यांना मात्र फ्रीज हवा. पावसाळ्यात हे जमलं, मे महिन्यात पुन्हा करून बघायचं आहे. तुमच्या घरी असं औषध असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. फ्रीजसाठी आम्ही पुढे सौर पॅनेल घेतले. अनुदान असलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ, तीन व त्यावर अठ्ठ्याहत्तर हजार मिळतात, पण ती यंत्रणा वीजजोडाला बांधलेली असते आणि बॅटरी नसेल तर लाईट गेली की तीही बंद पडते. हे मला कुणी आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर कळलं. म्हणून फ्रीज, दोन दिवे आणि फोन चालतील एवढी छोटी वेगळी यंत्रणा बॅटरीसकट घेतली. सत्तर हजार रुपये लागले.

दवाखान्याचं अंतरही पावसातच मोजलं. उरलेल्या दोन जागांपासून दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय बावीस आणि चाळीस मिनिटं. हे अंतर फक्त हृदयविकारासाठी नाही. या भागात फुरसं भरपूर. जांभ्याच्या फटींत, काजूच्या पाल्यात, लाकडांच्या ढिगाखाली ते असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या दंशावर एकच प्रतिविषाची लस चालते, ती दंश झाल्यावर देतात. जवळच्या आरोग्य केंद्रात ती आहे का, रात्री कोण असतं, हे मी प्रत्यक्ष जाऊन विचारलं. तिथल्या परिचारिका ताईंनी फ्रीज उघडून कुपी दाखवल्या आणि वर बजावलं, "बांधत-कापत बसू नका, पाय न हलवता सरळ इकडे आणा." गमबूट आणि विजेरी या दोन गोष्टी आमच्या यादीत तेव्हापासून सगळ्यात वर आहेत.

ऑगस्टमध्ये पोटाचा हिशोब मांडला. आम्हा चौघांना वर्षाला तीनशे किलो तांदूळ लागतो. हेक्टरी तीस क्विंटल भात धरलं तर गुंठ्याला तीस किलो, भरडून साधारण वीस किलो तांदूळ. म्हणजे पंधरा गुंठ्यांची मळी हवी. भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ, कडवे वाल, पावटा. वरकसावर नाचणी. माड असेल तर थोडं तेल. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी फुकट. गहू, तूरडाळ, साखर, मीठ हे विकतच आणावं लागणार, ते लपवण्यात अर्थ नाही. मासळी जून-जुलैत बंदीमुळे नसते, म्हणून सुकं. सगळ्यात मोठी अडचण आम्हाला शेजारच्या शेतकऱ्याने सांगितली. वानरं, माकडं आणि रानडुकरं. या वाड्यांमधली अर्धी मळी पडीक आहे ती जमीन वाईट म्हणून नव्हे, तर तयार पीक एका सकाळी जातं म्हणून. ज्या वाडीत दहा घरं अजून शेती करतात आणि आळीपाळीने राखण करतात तिथेच आपलं शेत टिकेल. आठवा प्रश्न, शेजारी कोण, हा त्या दिवशी पहिला झाला.

म्हणून दोन जागांतून आम्ही ती निवडली जिच्या वाडीत अकरा चुली पेटत्या होत्या. समुद्र सात किलोमीटर लांब. अडतीस गुंठे, त्यात चौदा गुंठे मळी, उरलेलं काजू आणि आंब्याचं वरकस. चिऱ्याचं दोन खोल्यांचं जुनं घर, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नोंदलेलं. मे महिन्यात विहिरीला साडेसहा हात पाणी, मीटरवर ९०. मालक तीन भाऊ, तिघेही नालासोपाऱ्यात.

७ सप्टेंबरला गणपती बसले आणि आम्ही गौरीच्या आदल्या दिवशी पोचलो. कोकणात सगळे खातेदार एका छपराखाली सापडतात ते गणपतीत किंवा शिमग्यात. तिघे भाऊ, दोन बहिणी, सगळ्यांच्या समोर बोलणं झालं. बहिणींची संमती त्याच बैठकीत लिहून घेतली. मग थोरल्या भावानेच आम्हाला गावकीपुढे नेलं. तिथे आम्ही काय करणार, किती दिवस राहणार, कुंपण घालून पाखाडी, म्हणजे वाडीची पायवाट, अडवणार का, असं सरळ विचारलं गेलं. मी सांगितलं की पाखाडी जशी आहे तशी राहील आणि राखणीच्या पाळीत आमचं नाव घाला. दरात घासाघीस झाली नाही. थोरल्यांनी एकच मागितलं, दारातला रायवळ आंबा तोडू नका. आईने लावलेला आहे.

ऑक्टोबरात मोजणीचा अर्ज केला. तातडीच्या मोजणीचं चलन दोन हजार रुपये होतं, नंतर दर आणि प्रकार दोन्ही बदलले, तेव्हा भरण्याआधी चौकशी करा. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, पहिली तारीख भूकरमापक दुसरीकडे गेल्याने पुढे ढकलली, आणि ८ जानेवारी २०२५ ला मोजणी झाली. सकाळी आठला सुरू, दुपारी तीनला हद्दीच्या खुणा. तेव्हा कळलं की ज्या विहिरीसाठी आम्ही सगळी जागा पसंत केली तिचा अर्धा घेर शेजारच्या गटात आहे.

माझे पायच गळाले. पंधरा महिन्यांतली ती सगळ्यात वाईट दुपार. विहीर तिन्ही भाऊ आपली म्हणत होते आणि शेजारच्या गटाचे मालक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, तेही तिचंच पाणी वर्षानुवर्षं भरत होते, कुणाच्या मनात खोट नव्हती. शेजारच्या भाऊंनीच वाट काढली. जुना फेरफार त्यांच्या पेटीत होता, १९६४ चा, त्यात विहिरीत निम्मा निम्मा हिस्सा लिहिलेला. संगणकीकरणात तो शेरा सातबाऱ्यावर आला नव्हता. तो फेरफार जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला आणि खरेदीखतात वेगळं कलम घातलं, पाणी आणि पंपाचे दिवस ठरवून. त्यात आणखी पाच आठवडे गेले. मोजणी खरेदीच्या आधी करा, नंतर नको, असं सगळेच सांगतात. आम्ही ऐकलं म्हणून वाचलो.

वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, दोन्हींचे मिळून सोळा हजार. २४ फेब्रुवारीला खरेदीखत नोंदलं. माहिती आदल्या दिवशी ऑनलाईन भरलेली, मुद्रांक शुल्क ग्रास या सरकारी संकेतस्थळावर, नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, कमाल तीस हजार. सर्व्हर दोन तास बंद होता. दोन्ही बाजूंचे अकरा जण बाकांवर दाटीने बसून होतो, कुणीतरी सगळ्यांना चहा सांगितला. आमच्या नावाचा सातबारा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. जमिनीची किंमत सोडून, प्रवास, कागद, मोजणी, वकील, पाणी-माती तपासणी मिळून पंधरा महिन्यांत साधारण एक लाख दहा हजार खर्च झाले. त्यातला निम्म्याहून जास्त फेऱ्यांचा.

घराच्या वाशांना पट्ट्या मारल्या, टाकी एप्रिलअखेर बांधून झाली. आणि आत्याने माझ्या हाताने आगोटीची यादी लिहून घेतली. तांदूळ, कुळीथ, मीठ, काडेपेट्या, रॉकेल मिळालं तर, सोडे, सुकट, कोकम, गूळ, मेणबत्त्या, सासूबाईंची तीन महिन्यांची औषधं, जुन्या कागदांच्या प्रती प्लास्टिकमध्ये, १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत, आणि लाकडं. मी प्रत्येकापुढे '१ जूनपर्यंत' असं लिहिलं.

२०२५ चा पाऊस १ जूनची वाट बघत थांबला नाही. मेच्या विशीतच सरी लागल्या आणि २५ तारखेला मान्सून राज्यात दाखल झाला. आमचा तांदूळ, औषधं, सुकं सगळं आत होतं. लाकडं मात्र अंगणात पसरलेली, अर्धी भिजली. संध्याकाळी पाऊस धरून आला असताना शेजारचे भाऊ आणि त्यांची सून प्लास्टिक पांघरून आले, डोक्यावर सुक्या लाकडांचे दोन भारे. पडवीत टाकले, म्हणाले पुढच्या उन्हाळ्यात फेडा, आणि विहिरीवरचा पंप काढून आमच्या पडवीत ठेवून गेले. आत्याची लाकडं अक्षय्य तृतीयेलाच रचून झालेली होती. पुढच्या वर्षाच्या पानावर लाकडांपुढे मी आता तीच तारीख लिहून ठेवली आहे, आणि त्याखाली, भाऊंचे दोन भारे.